प्रारंभीची शक्ती दहा

"अर्ज त्रुटीसह परत," असं एका बोटाने टाइप करून मी पाठवून दिलं आणि चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसला.

"आता कोनाले वापस पाठवलं?" ललिताने स्वयंपाकघरातून विचारलं. "रिटायर होऊन दहा वर्सं झाले, तरी तुमी लोकायचे कागद वापस करूनच राह्यले."

"भागिरथा म्हणून हाये एक. दुसऱ्यांदा आला अर्ज. शक्तीच्या रकान्यात पुन्हा चाळीस लिवलं."

"मंग देऊन टाका न चाळीस. तुमच्या घरचं काय जाते?"

तिला हे सोपं वाटतं. माझ्या घरचं काही जात नव्हतं हे खरं, पण नियम होता, आणि तो मीच लिहिलेला होता.

त्या खेळाबद्दल थोडं सांगायला हवं. मला ते नीट जमेल की नाही, ठाऊक नाही. त्याचं नाव 'काळनदी'. वाशिमचा हरीओम म्हणून एक मुलगा पुण्याला नोकरी करतो, त्याने तो इंटरनेटवर सुरू केला. चित्रं नाहीत, गोळ्या-बंदुका नाहीत. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं आणि ते पात्र काय करतं, काय बोलतं, ते मराठीत लिहायचं. दुसरा त्याच्या पात्राकडून उत्तर देतो. असं ते एक राज्य चालतं. मधून नदी वाहते, अलीकडे वस्त्या, पलीकडे गढ्या. प्रत्येक पात्राला शंभरापैकी काही शक्ती असते. तीसच्या खाली शक्ती असलेल्याला नदी ओलांडता येत नाही आणि सभेत बोलता येत नाही. लढाया मारून, महिने काढून ती हळूहळू वाढते. नव्या पात्राला दहा.

मी तिथे सेनापती वज्रबाहू आहे. शक्ती एक्याऐंशी. नदीचा उतार, म्हणजे पायी ओलांडायची जागा, राखणं हे माझं काम. प्रत्यक्षात मी मंगरूळपीरच्या वाचनालयात जाताना समोरून ओळखीचा माणूस आला तर रस्ता ओलांडतो, कारण काय बोलावं हे सुचत नाही. नोकरीत छत्तीस वर्षांत मी एकाही मीटिंगमध्ये तोंड उघडलं नाही. माझ्या निरोपसमारंभाचं मनोगतसुद्धा मी लिहून दिलं आणि दुसऱ्याने वाचलं. वज्रबाहू मात्र गर्जतो. रोज सकाळी अकराला, ऑफिसच्या वेळेवर.

आस्थापनेचा कारकून होतो म्हणून हरीओमने नियम लिहिण्याचं काम माझ्याकडे दिलं. तसं ते मला आवडलंही. मी अर्जाचा नमुना केला, रकाने पाडले, आवक क्रमांक दिले. नियम चार असा होता: 'नवीन पात्रास प्रारंभी दहा शक्ती देय राहील. पात्राची खेळात येण्यापूर्वीची सेवा ग्राह्य धरली जाणार नाही. तथापि, तिची नोंद घेण्यात येईल.' तीन वर्षांत कुणी त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. खरं म्हणजे तो कुणी वाचलाच नव्हता.

भागिरथाने वाचला. पहिला अर्ज मी परत केला तेव्हा दुसऱ्यासोबत खाली टीप आली: 'माही बाई साठ वर्साची हाये. चाळीस वर्सं दाई हाये. ते काय काल जन्माले आली?' मी उत्तर दिलं: 'नियम चार पाहावा.' आता तिसरा अर्ज आला. शक्ती: चाळीस. टीप: 'पाह्यला. तुमी मंगरूळले कोठी राह्यता? सोमवारी दोरे न्याले येतो, तवा भेटतो.'

खेळात प्रत्येक पात्राखाली खेळणाऱ्याचं गाव दिसतं. मी फोन पालथा घालून ठेवला. येणार नाही, असं मनाशी म्हणालो.

*

सोमवारी बाराच्या सुमाराला फाटकाची कडी वाजली. चव्वेचाळीस-पंचेचाळीस वर्षांची बाई, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीतून दोऱ्यांच्या रिळांचे डबे डोकावत होते. ललिता बाहेर गेली.

"सेनापती वज्रबाहू इथंच राह्यते काय?"

ललिता मागे वळून माझ्याकडे पाहत राहिली. हसू तिने पदराआड धरलं, पण धरलं गेलं नाही. "या, या. हे पाहा, बसले हाये सेनापती."

"हे?" बाईने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मले वाटलं मिशा असतीन."

"एक्याऐंशी ताकद हाये म्हणे यायची," ललिता म्हणाली. "लोणच्याच्या बरणीचं झाकण कालपासून उघडून नाई राह्यलं."

"घर कसं सापडलं?" मी विचारलं.

"वाचनालयात विचारलं. सेनापती म्हटलं तं कोनाले माहीत नाई. मंग म्हटलं, तो मानूस जो मोबाइलवर लंबंलंबं लिवते आन् कोनाशी बोलत नाई. तं ते म्हणे, शेषरावभाऊ, पाण्याच्या टाकीमागं." ती खुर्चीवर टेकली. "मी पौर्णिमा. शेलूबाजारले हायवेवर माहं शिवणाचं दुकान हाये. पोरीनं हा खेळ फोनात टाकून देल्ला. गिऱ्हाइक नसलं का मी वाचत राह्यतो. सा महिने नुसतं वाचलं. तुमचा सेनापती लय ओरडते, पन बरं लिवते."

मी मान खाली घातली. ललिताने चहा ठेवला.

"आता मले सांगा," पौर्णिमा म्हणाली, "नियम चार कोनं लिवला?"

"मी."

"मनानं?"

"मनानं म्हंजे... असंच असते ते. नवा मानूस आला का खालून चढते. कितीबी मोठा असला तरी."

"कोठी असंच असते?"

"ऑफिसात," मी म्हणालो. माझ्या स्वतःच्या कानांना ते कमकुवत वाटलं.

"मी खालून चढाले तयार हाये. मी पौर्णिमा. मले दहा द्या, पाच द्या. मले काई येत नाई, मी शिकतो. पन भागिरथाले काहून दहा? तिच्या हातानं गावातले अर्धे लोक जन्मले. नदीच्या पल्याड बाई अडली आन् हे अल्याड बसून राह्यली, काहून तं शक्ती दहा! कालचं पोरगं काठी घेऊन येते, त्याले दहा, आन् हिले दहा?"

"ते पात्रच हाये न शेवटी," मी म्हणालो. "मनानं रचलेलं."

"रचलेलं नाई." तिने पिशवीत हात घातला आणि रिळांच्या खालून एक कागद काढला. कागद प्लॅस्टिकमध्ये पक्का बसवून घेतलेला होता, जसं लोक दाखले जपतात. "हे माही सासू. भागिरथा. हा पुरावा जोडाचा होता अर्जाले, पन तुमच्या नमुन्यात पुराव्याचा रकाना नाई."

मी कागद हातात घेतला. टाइपरायटरची अक्षरं, झेरॉक्स काढलेली. सन दोन हजार एक. नावाची जागा रिकामी सोडून तिथे निळ्या शाईने 'श्रीमती भागिरथा' लिहिलेलं. विषय, संदर्भ, आणि खाली मजकूर: 'आपली उपकेंद्रातील अंशकालीन परिचर म्हणून झालेली एकोणीस वर्षांची सेवा ग्राह्य धरता येत नाही. तथापि, आपल्या सेवेची नोंद घेण्यात आली आहे.'

"म्हणून मी नियम चार वाचून अडली," पौर्णिमा म्हणत होती. "म्हटलं, हे वाक्यं तं मले पाठ हाये."

मलाही पाठ होती. माझीच होती.

त्या वर्षी मी आरोग्य खात्याच्या आस्थापनेत होतो आणि नोकरीत कायम करा म्हणून असे एकतीस अर्ज एका गठ्ठ्यात माझ्या टेबलावर आले होते. साहेब म्हणाले, लिहा, ग्राह्य धरता येत नाही, संपलं. मी मसुदा केला. वाचून पाहिला तेव्हा तो मला फार रुक्ष वाटला. बाया बिचाऱ्या एकोणीस-वीस वर्षं झाडत आल्या, पाणी भरत आल्या, बाळंतपणात उभ्या राहिल्या. म्हणून मी माझ्या मनाने एक ओळ वाढवली. साहेबांनी न वाचता सही केली. पुढे बरीच वर्षं, ऑफिसात काही चांगलं केलं का, असं स्वतःला विचारताना मला ती ओळ आठवायची. हे लिहिताना लाज वाटते, पण आठवायची.

"तिले वाचता येत नव्हतं," पौर्णिमा म्हणाली. "मी नवी नवरी. दहावी शिकलेली, घरात एकटीच. मीनंच वाचून दाखवलं. पयली ओळ ऐकून ते चूप बसली. मंग दुसरी ऐकली. म्हणे, पुन्हा वाच. पुन्हा वाचली. म्हणे, नोंद घेतली म्हणते न? सरकारी कागदावर नोंद झाली म्हंजे आता कोनी पुसू शकत नाई. आज नाई तं उद्या बलावतीन. आन् गूळ आणाले पाठवलं. पुऱ्या आळीत वाटला."

ललिता दारात उभी राहून ऐकत होती.

"मले दोन दिवसानं समजलं का याचा अर्थ काईच नाई. पन तवालोक गूळ वाटून झाला होता. मंग कसं सांगू? नऊ वर्सं ते वाट पाहत राह्यली. तिच्या बहिणीनं कितीक डाव बलावलं किन्हीराजाले राह्याले, गेली नाई. म्हणे, पोस्टमन आला आन् मी नसलो तं? सोयर-सुतकाले गेली का त्याच दिवशी वापस. चौदा वर्सं झाले तिले जाऊन. हा कागद तिच्या पेटीत सापडला, लुगड्याच्या घडीत. मी प्लॅस्टिक करून घेतलं."

चहा निवला होता. तिने तो तसाच एका दमात पिऊन टाकला.

"हे पाहा भाऊ, सरकारचं मी काई करू शकत नाई. पन हा खेळ तं तुमचाच हाये न? इथं तरी तिले दहा नोका देऊ."

त्या वेळी मी सांगायला हवं होतं. शब्द तोंडात आले होते. पण मी असाच आहे, मला लगेच काही बोलता येत नाही. मी म्हणालो, "रविवारी चार वाजता सभा असते. फोनवर. मी विषय ठेवतो. लिवून पाठवतो सगळ्यायले."

"लिवून नोको," ती म्हणाली आणि कागदावर बोट ठेवलं. "लिवून एक डाव आलं हाये. बोला."

मी मान हलवली. का हलवली, कळलं नाही. मग मला एक मार्ग सुचला, कारकुनाचाच. "एक करा. तिचं सेवापुस्तक लिवा. एक वर्स, एक ओळ. तिनं तुमाले जे सांगतलं तेच. मी ते वाचून दाखवतो. वाचता येते मले."

*

शुक्रवारी ओळी आल्या. मी मोजल्या. अडतीस होत्या, आणि तेरावं व एकोणतिसावं वर्ष नव्हतं. मी विचारलं. तिने लिहिलं: 'त्या दोन वर्साचं तिनं मले काई सांगतलं नाई. मनानं लिवत नाई.'

रविवारी चारला मी पलंगावर बसलो. ललिताने पंखा बंद केला, फोनमध्ये घरघर जाऊ नये म्हणून. मग शेजारी येऊन बसली. असं ती कधी बसत नाही.

सभेला एकोणीस जण होते. अर्ज मंजूर नसल्याने पौर्णिमाला येता येत नव्हतं. हरीओमने विषय सांगितला. सगळ्यात आधी अश्वजित बोलला. तो वाशिमला लाइनमन आहे, खेळात त्याची शक्ती ब्याण्णव, सगळ्यांत जास्त. त्याचं म्हणणं चूक नव्हतं, हे मला आजही वाटतं.

"काका, तुमचा मान हाये. पन आयका. मी दिवसभर पोलवर चढून येतो, मंग हे खेळतो. तीन वर्सं लागले मले ब्याण्णवले. आज तुमी दाईले चाळीस द्या, उद्या जो येईन तो म्हणीन, माहा मानूस शंभर वर्साचा ऋषी हाये, द्या मले नव्वद. मनानं तं काईबी लिवता येते. मंग आमी कायले चढलो?"

"बरोबर हाये," दोघं-तिघं म्हणाले.

"शेषरावकाका, तुमाले काही म्हणायचं?" हरीओमने विचारलं.

मी चष्मा काढून पुसायला लागलो. ललिताने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, ठेवला म्हणजे जवळजवळ चापटच मारली. मी कागद उचलला. "मी फक्त वाचतो," असं म्हणालो आणि वाचायला लागलो.

"पहिलं वर्स. सासूच्या हाताखाली. नाळ कापाले भेली, तं सासूनं हातावर मारलं. म्हणे, भेतं तं बाळ, तू नाई भ्याचं.

"चौथं. एकाच दिवशी तीन घरं. तिसऱ्या घरी पोहोचलो तं पोरगं आपल्या मनानंच येऊन पडलं होतं. तरी लुगडं भेटलं."

कुणीतरी हसलं. माझा आवाज थोडा मोकळा झाला.

"नववं. नाल्याले पूर. बाई खाटेवर, खाट चौघायच्या खांद्यावर, मी बाजूनं छातीइतक्या पान्यात. मधातच कळा सुरू झाल्या. चौघं म्हणत, थांब बाई, थांब. थांबत असते काय?

"चौदावं. एक बाई माह्या हातात गेली. त्या वर्साचं दुसरं काई लिवत नाई.

"बाविसावं. पाटलाची सून. बाळाले पयला हात माहा लागला. मंग चहा आंगणात देल्ला, फुटक्या कपात. हात चालला, कप नाई चालला.

"एकतिसावं. उपकेंद्रात नवी नर्सबाई आली. पयलं बाळंतपण पाहून रडाले लागली. तिचे हात धरून म्या करून घेतलं. रजिस्टरात तिचं नाव लिवलं. बरोबर हाये, नोकरी तिची होती."

मी एकही वर्ष गाळलं नाही. अडतीस ओळी वाचायला अकरा मिनिटं लागली. मध्येच कुणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी झाली आणि त्याने घाईने आपला आवाज बंद केला. शेवटची ओळ होती: "चाळिसावं. डोळ्याले दिसत नाई. पन बाईच्या पोटावर हात ठेवला तं समजते."

मी कागद खाली ठेवला.

"लय भारी काका," हरीओम म्हणाला. मुलगा मनाचा चांगला आहे. "खरंच भारी. पन असा अचानक नियम बदलणं म्हंजे... असं करू. आत्ता दहाच ठेवू. आन् त्यायच्या सेवेची आपण नोंद घेऊ. तसं नियमात हायेच."

तसं नियमात होतंच. मीच लिहिलं होतं. ज्या भल्या मनाने मी ते लिहिलं, त्याच भल्या मनाने तो पोरगा ते म्हणत होता. आता पौर्णिमाला हे पुन्हा एकदा वाचावं लागणार होतं.

"नोंद नोको," मी म्हणालो.

"काय काका? आवाज तुटला."

"नोंद नोको. आकडा सांगा."

सभेत मी नेहमी शुद्ध भाषेत लिहीत आलो. हे कुठून आलं, माहीत नाही.

"आकडा नसन द्याचा तं नाई म्हणा," मी म्हणालो. "सरळ नाई म्हणा. नाई आयकलं का मानूस उठून दुसऱ्या कामाले लागते. पन नोंद घेतो म्हणू नोका. मानूस वाट पाहत बसते. दहा म्हणा, वीस म्हणा, आकडा सांगा."

फोन बंद पडला की काय, म्हणून मी तो उचलून पाहिला. मग अश्वजितचा आवाज आला.

"काका, तेरावं वर्स नाई वाचलं तुमी. आन् मंग एकोणतिसावंबी नाई."

"ते नाई लिवलं त्यायनं. त्या दोन वर्साचं त्यायले माहीत नाई."

"मनानं लिवता आलं असतं."

"हो."

"कोनाले समजलं असतं?"

"कोनालेच नाई."

"मंग अडतीस द्या," तो म्हणाला. "एका वर्साले एक. जे लिवलं ते धरा, जे माहीत नाई ते सोडा. आन् चाळीसच्या वर कोनालेच नाई, ऋषी असो का कोनी. असा नियम असन तं माहा हात वर हाये."

अकरा विरुद्ध आठ. ठराव झाला. फोन ठेवल्यावर ललिताने पंखा लावला आणि आत गेली. थोड्या वेळाने लोणच्याची बरणी आणून माझ्यापुढे ठेवली. "आता पाहा बरं उघडते काय," म्हणाली. उघडली नाही.

त्याच संध्याकाळी मी नियम चार नव्याने लिहिला. जुन्यातली शेवटची दोन वाक्यं काढून टाकली. शेवटचं काढताना बोट थोडं थांबलं. तेवीस वर्षं जपलेलं होतं.

*

पण अजून एक काम उरलं होतं, आणि ते लिहून करायचं नव्हतं.

मंगळवारी मी जीपने शेलूबाजारला गेलो. मधल्या सीटवर दोघांच्या मध्ये दबून बसलो होतो, आणि काय बोलायचं याची वाक्यं मनात जुळवत होतो. एकही टिकत नव्हतं. हायवेच्या कडेला दुकान लगेच सापडलं. पत्र्याचं, पुढे ब्लाउजांची रांग टांगलेली. पौर्णिमा मशीनवर होती.

"या सेनापती!" ती म्हणाली. पाय चालूच होते. "अडतीस! म्या सगळ्यायले सांगतलं. पोरगी म्हणे, आजी नदी पार जाईन आता. बसा न."

मी बसलो नाही. बसलो असतो तर बोललो नसतो.

"ते पत्र," मी म्हणालो. "तुमच्या सासूचं. तवा मी त्या टेबलावर होतो. ते पत्र म्या लिवलं."

मशीन थांबलं. बाहेरून एक ट्रक गेला, टांगलेले ब्लाउज हलले.

"सई तं दुसऱ्याची हाये," ती म्हणाली.

"सई साहेबाची. मजकूर माहा. ग्राह्य धरता येत नाई, हे साहेबानं सांगतलं होतं. खालची ओळ कोनीच सांगतली नाई. ते म्या मनानं टाकली."

"नोंदीची?"

"हो."

"काहून?"

किती सोपा प्रश्न होता! मी जीपमध्ये जुळवलेलं सगळं विसरलो. "बरं वाटावं म्हणून," मी म्हणालो.

ती माझ्याकडे पाहत राहिली. रागाने नाही, आणि दयेनेही नाही. एखाद्या कापडाला कुठे फाटलंय ते पाहावं तसं. मग तिने सुईखालचा कपडा ओढून घेतला आणि दोरा दाताने तोडला.

"वाटलं," ती म्हणाली. "तिले बरं वाटलं. नऊ वर्सं."

एवढंच. तिने दुसरा कपडा मशीनखाली सरकवला आणि पाय चालू केले. मी थोडा वेळ उभा राहिलो. मग रस्त्यावर येऊन जीपला हात केला.

घरी आल्यावर ललिताने विचारलं, "सांगतलं?" मी हो म्हणालो. "मंग काय म्हणे?" मी सांगितलं. तिने माझ्यापुढे पाण्याचा पेला ठेवला.

*

दुसऱ्या दिवशी अकराला मी फोन उघडला. ती खेळ सोडून गेली असेल असं मला वाटत होतं. मी तिच्या जागी असतो तर कदाचित गेलो असतो. काळनदीच्या उताराची नोंद उघडली. वरच नवीन मजकूर होता.

'भागिरथा उताराजवळ आली. दुपारची वेळ. पदर खोचलेला, काखेत गाठोडं. सेनापती काठावर तलवार घेऊन उभा हाये. भागिरथा त्याले म्हणते, बाजूले व्हा. पल्याड बाई अडली हाये, मी चालली. आन् तुमी इथं उभं राहून काय करून राह्यले? माह्यासंगं चाला, पानी तापवाले मानूस पायजे.'

मी ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा मोठ्याने वाचलं, तेव्हा ललिता पोळपाट बाजूला ठेवून दारात आली.

"मंग?" ती म्हणाली. "जाऊन राह्यले का नाई?"

नियमाप्रमाणे सेनापतीने उतार सोडायचा नसतो. तसं झालं तर शक्ती दहाने कमी होते. तो नियमही माझाच. मी चष्मा पुसला आणि एका बोटाने लिहायला सुरुवात केली. वज्रबाहूने गर्जना केली, असं तीन वर्षांच्या सवयीने लिहून गेलो आणि ते खोडलं. मग लिहिलं:

'सेनापतीने तलवार काठावरच्या रेतीत ठेवली. तो म्हातारीच्या मागोमाग पाण्यात उतरला. पलीकडे पोचल्यावर त्याने तीन दगड मांडले, वर हंडा ठेवला. काटक्या ओल्या होत्या, पेटत नव्हत्या. तो उकिडवा बसला आणि फुंकत राहिला.'